बाळ बोटीवर निघते तेव्हा

सुटीचे दिवस जवळ आले की आपल्या दवाखान्यांत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. बाळाचे वजन झालेले असते, सर्दीचे औषध लिहून झालेले असते, आई टोपडे बांधत असते आणि दाराशी पोहोचलेला बाप वळून विचारतो, "डॉक्टर, डिसेंबरात क्रूझ बुक केलीय. हिला नेलं तर चालेल ना?" आपल्यापैकी बहुतेकांची उत्तरे दोनच. "एवढ्या लहान बाळाला कशाला?" नाही तर "जा बिनधास्त, काही होत नाही." पहिले उत्तर ऐकून कोणी बुकिंग रद्द करत नाही, फक्त पुढच्या वेळी आपल्याला विचारत नाही. दुसरे ऐकून आई-बाप निर्धास्त होतात आणि तयारी न करता निघतात. या अंकात प्रवासी बाळांवर दोन लेख आहेत, त्या निमित्ताने या सल्ल्याबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

क्रूझची सहल बाळाच्या दृष्टीने वाईट, असे मी मानत नाही. सामान एकदाच उघडायचे असते, रोज हॉटेल बदलावे लागत नाही, झोपेची वेळ झाली की खोली चार पावलांवर असते आणि आजी-आजोबा बरोबर असले तर आईलाही दोन घटका विश्रांती मिळते. सहा शहरांच्या बस-सहलीपेक्षा बाळाचे हाल येथे निश्चित कमी होतात. मुंबईहून २०२१पासून कॉर्डेलियाची जहाजे गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जातात. सिंगापूरला विमानाने जाऊन तिथून तीन-चार रात्रींची सफर करणारी मराठी कुटुंबेही बरीच आहेत. ही बाळे आपलेच रुग्ण आहेत आणि ती जाणारच आहेत.

मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रूझ कंपन्यांचा साधारण नियम असा, की जहाजावर चढण्याच्या दिवशी बाळ सहा महिने पूर्ण झालेले हवे. अटलांटिक ओलांडणाऱ्या किंवा सलग तीन-चार दिवस खुल्या समुद्रात राहणाऱ्या सफरींसाठी बारा महिने. आई-बाप हा नियम वाचतात आणि सहा महिने झाले म्हणजे बाळ प्रवासाला योग्य झाले, असा अर्थ काढतात. नियमाचा रोख वेगळा आहे. जहाजावरच्या दवाखान्यात डॉक्टर असतो, परिचारिका असतात, सलाइन, ऑक्सिजन, ईसीजी, थोड्याफार रक्ततपासण्या असतात. बालरोगतज्ज्ञ मात्र सहसा नसतो, नवजात किंवा तान्ह्या बाळांचा अतिदक्षता विभाग तर नसतोच. तिथल्या डॉक्टरचे बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात. सहा महिन्यांच्या बाळाची शीर शोधायची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. कंपनी बारा महिन्यांची अट घालते तेव्हा ती किनारा किती लांब आहे हे मोजत असते, आणि सल्ला देताना आपणही तेच मोजले पाहिजे.

म्हणून माझा पहिला प्रश्न बाळाच्या वयाबद्दल नसतो. सफरीचा मार्ग मागायचा. मुंबई-गोवा ही एका रात्रीची, किनाऱ्याला धरून जाणारी वाट आहे, गोव्यात उतरले की मोठे रुग्णालय आहे. लक्षद्वीपची गोष्ट निराळी. ती बेटे कोचीपासून साधारण २२० ते ४४० किलोमीटरवर आहेत. तिथल्या रहिवाशांनाच गंभीर आजारात हेलिकॉप्टरने कोचीला आणावे लागते. त्याच जहाजावरचे, त्याच वयाचे बाळ या दोन मार्गांवर सारख्या सुरक्षिततेने जात नाही. निरोगी, वजन वाढणाऱ्या आठ महिन्यांच्या बाळाला मी दोन्हीकडे जाऊ देईन. मागच्या महिन्यात ब्राँकिओलायटिसने दाखल झालेल्या बाळाला फक्त पहिल्या.

आणि मुदतीआधी जन्मलेल्या बाळाबाबत कंपनीचा नियम आपल्या कामाचाच नाही. कंपनी पासपोर्टवरची जन्मतारीख बघते. ३२ आठवड्यांत जन्मलेले बाळ कागदावर सहा महिन्यांचे झाले तरी दुरुस्त वयाने ते जेमतेम चार महिन्यांचे असते. त्याची फुप्फुसे, त्याचे गिळणे आणि त्याची मान त्या चार महिन्यांच्या हिशेबाने चालतात. अशा बाळाच्या आई-बापांना पुढच्या वर्षीची सुटी सुचवायला आपण कचरू नये.

आता जुलाब-उलट्यांचे. जहाजावर नोरोव्हायरस पसरतो हे सर्वांनी ऐकलेले असते. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून जहाजांच्या स्वच्छतेसाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा चालते, यावरून प्रश्नाचे वजन कळावे. आपल्या आई-बापांना सांगायची गोष्ट एवढीच, की जेवणाच्या दालनाबाहेर ठेवलेले सॅनिटायझर या विषाणूवर फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणी लागते, आणि रांगणाऱ्या बाळाचे हात तर दिवसातून अनेकदा धुवावे लागतात. त्याहून महत्त्वाचे, जुलाब सुरू झाले तर काय करायचे. मी हे वजनावर उतरवून देतो. आठ किलोच्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस. पाणी कमी झाल्याची लक्षणे दिसू लागली तर जहाजावरच्या दवाखान्यात जायचे आणि तिथे चार तासांत सुमारे ६०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, पण आणखी सावकाश. आईला हा चमच्याचा वेग दवाखान्यातच, वाटी हातात देऊन दाखवावा, कारण घाबरलेली आई वाटी तोंडाला लावते, बाळ सगळे ओकते आणि मग "याच्या पोटात काही ठरतच नाही" म्हणून ओआरएस बंद होते. पुड्या २०० मिलिलिटरच्या द्याव्यात. लिटरच्या पुडीसाठी खोलीत मोजायला भांडे नसते आणि अर्धी पुडी अंदाजाने टाकण्यात मिठाचे प्रमाण चुकते. टेट्रापॅकमधली गोड पेये ओआरएसच्या जागी चालत नाहीत, हेही सांगावे. झिंक १४ दिवसांचे बरोबर असावे, सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम.

जुलाब लपवण्याचा मोह होतो, कारण आजारी प्रवाशाला खोलीतच राहायला सांगतात आणि सहल फुकट जाते. आई-बापांना आधीच सांगून ठेवावे, की लपवू नका. वेळेवर कळवलेल्या बाळाला तिथला डॉक्टर सांभाळू शकतो. दीड दिवसाने डोळे खोल गेलेले बाळ नेले तर त्याच्याही हातात थोडेच उरते.

यानंतर ज्या विषयाने मला खरोखर अस्वस्थ केले आहे, तो. बोट लागण्याचे औषध. "बोटीत हिला त्रास झाला तर? शिवाय विमानात रडेल. थोडं झोपेचं सिरप देऊन ठेवा ना." ही मागणी बहुधा आजीकडून येते, प्रेमापोटी येते, आणि आपल्यापैकी काही जण प्रोमेथाझिनचे सिरप लिहून मोकळे होतात. औषध दुकानात ते चिठ्ठीशिवायही मिळते. दोन वर्षांखालच्या मुलांत प्रोमेथाझिन देऊ नये. श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४मध्ये यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आणि गरज तरी कुठे आहे? तान्ह्या बाळांना बोट लागत नाही म्हटले तरी चालेल, हा त्रास साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतो. म्हणजे ज्या वयात त्रास नाही त्या वयात आपण धोका विकत घेतो. जहाजाच्या अंधाऱ्या खोलीत, शेजारी थकून झोपलेले आई-बाप, आणि अर्धा चमचा सिरप दिलेले बाळ. त्याचा श्वास मंदावला तर कोणाला कळणार आहे? विमान चढता-उतरताना स्तनपान द्या, रडले तर रडू द्या, एवढे ठामपणे सांगायला हवे. आजीला समोर बसवून सांगितले तर ती ऐकते, हा माझा अनुभव आहे.

लसींचा हिशेब मात्र तारखा धरून करावा लागतो. फ्लूची लस सहा महिन्यांपासून देता येते, पण पहिल्या वर्षी दोन मात्रा, चार आठवड्यांच्या अंतराने. म्हणजे सातव्या महिन्यात निघणाऱ्या बाळाची पहिली मात्रा सहा महिने होताच पडली पाहिजे. गोवराची नेहमीची मात्रा नऊ महिन्यांची. सहा ते नऊ महिन्यांत आईकडून मिळालेले संरक्षण ओसरलेले असते आणि स्वतःचे तयार झालेले नसते. परदेशी सफर असेल तर सहा महिन्यांनंतर एक आगाऊ मात्रा देता येते. ती मोजायची नाही, पुढच्या मात्रा वेळापत्रकाप्रमाणे द्यायच्याच. सफरीच्या निदान दोन आठवडे आधी दिली तर तिचा उपयोग.

खाण्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट आई-बापांना जहाजावर गेल्यावरच कळते. आगीच्या भीतीने खोलीत विजेची किटली, इंडक्शन, छोटा कुकर वापरायला बंदी असते. सामान तपासताना ही उपकरणे काढून ठेवतात. तेव्हा खोलीत नाचणीचे सत्त्व शिजवू, पेज करू, हा बेत तिथेच संपतो. सीलबंद बाळ-आहार बहुतेक जहाजांवर चालतो, आणि मऊ भात, वरण, उकडलेला बटाटा भोजनगृहातल्या प्रमुखाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवला तर मिळतो. नवा पदार्थ मात्र जहाजावर सुरू करू नये. अंगावर पुरळ उठले तर ते शेंगदाण्याचे की पोहण्याच्या तलावातल्या क्लोरिनचे, कोणी सांगायचे? आणि स्तनपान चालू असेल तर प्रवासाच्या सोयीसाठी ते तोडून बाटली लावण्याचा सल्ला आपल्या तोंडून कधीही जाऊ नये. पोहण्याच्या तलावाबाबत, लंगोट घालणाऱ्या मुलांना मोठ्या तलावांत बहुतेक ठिकाणी प्रवेश नसतो, पोहण्याचा खास डायपर असला तरीही.

अपघातांवर आपण डॉक्टर कमी बोलतो. २०१९च्या जुलैत पोर्टो रिकोतल्या सान हुआन बंदरात उभ्या जहाजाच्या अकराव्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून दीड वर्षाची मुलगी पडून गेली. कोणीतरी तिला कठड्याशी उचलून धरले होते. बाळाला समुद्र दाखवायला उचलून धरणे हा आपल्याकडे कौतुकाचा भाग आहे, म्हणूनच हे स्पष्ट सांगितले पाहिजे. खिडकीशी, कठड्याशी बाळाला उचलायचे नाही. लाइफ जॅकेटचेही तसेच. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तान्ह्या बाळाचे जॅकेट वेगळे असते, १५ किलोखालच्या मुलांसाठी, आणि २४ तासांहून लांबच्या सफरीवर जहाजातल्या प्रत्येक बाळासाठी ते असलेच पाहिजे. खोलीतल्या कपाटात ते नसेल तर जहाज सुटण्यापूर्वी मागून घ्यावे आणि सरावाच्या वेळी बाळाला घालून पाहावे. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेल्या ‘रामदास’ बोटीवर सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला जॅकेट मागायला लाज वाटू नये.

शेवटी कागद. आई-बाप "फिट टू ट्रॅव्हल" असे एक वाक्य मागतात. बाळ न तपासता ते लिहू नये, आणि लिहिले तरी तेवढ्यावर थांबू नये. आजचे वजन, झालेल्या लसी, पूर्वीचे आजार, ॲलर्जी, आणि औषधांची मात्रा मिलिग्रॅममध्ये. "पाच एमएल" असे लिहिले तर परक्या बंदरात त्याला अर्थ उरत नाही. आपल्याकडेच पॅरासिटामॉलचे सिरप १२५ आणि २५० मिलिग्रॅम असे दोन ताकदींचे मिळते, थेंबांत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते, आणि ब्रिटनमध्ये, अमेरिकेत ताकदी आणखी वेगळ्या. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम, असे रासायनिक नावाने लिहिले की जगातला कोणताही डॉक्टर ते वाचू शकतो.

हे सारे सांगायला दहा मिनिटे लागतात. गर्दीच्या संध्याकाळी ती नसतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून एक विनंती. १४ आठवड्यांच्या लसीला बाळ येते तेव्हा आईला आपणच विचारावे, "या वर्षी कुठे फिरायला निघालात का?" बुकिंग बहुधा त्यानंतर होते. मार्ग बदलता येतो, महिना पुढे ढकलता येतो, फ्लूच्या दोन्ही मात्रा बसवता येतात. लसीकरणाच्या तक्त्यावर या प्रश्नासाठी एक ओळ आखून घ्या आणि आपल्या परिचारिकेलाही तो विचारायला शिकवा.