किल्ली कोणाची?

मोटार विकत घेणाऱ्याच्या हाती आज जी किल्ली पडते, ती केवळ धातूचा तुकडा नसते. मोटारीतील धोक्याचा भोंगा जागा ठेवणारे वा गप्प करणारे एक छोटे प्रेषकयंत्र तिच्या पोटात असते. हे रिमोट हरवले, तर नवे आणून भागत नाही. मोटारीला त्याची ओळख करून द्यावी लागते. ही ओळख करून देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी मुळात मालकीहक्काचा आहे.

जुन्या रिमोटचा संकेत कायम एकच असे; तो कोणी टिपून घेतला की चोराचे काम झाले. म्हणून दर वेळी बदलणारा संकेत योजण्यात आला. रिमोट आणि मोटारीतील ग्राहकयंत्र या दोहोंपाशी एक गुप्त अंक व एक मोजणी असते. बटण दाबताच मोजणी पुढे सरकते आणि वापरलेला संकेत बाद होतो. नव्या रिमोटची नोंद करणे म्हणजे त्याला ग्राहकयंत्राच्या वहीत स्थान देणे होय.

ही वही मालकासाठी उघडी ठेवली तर चोरांचे फावेल, असे उत्पादक सांगतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. तथापि गुप्ततेवर विसंबण्याचा अनुभव फारसा सुखद नाही. १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत निर्माण झालेली 'कीलॉक' ही पद्धत गोपनीय राखण्यात आली होती. ती अखेर बाहेर फुटलीच. आणि २००८ साली जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांनी तीतील उत्पादकाची मूळ किल्लीच हस्तगत करून दाखविली. सुरक्षितता पद्धतीच्या गुप्ततेवर नव्हे, तर केवळ किल्लीच्या गुप्ततेवर अवलंबून असावी, हे तत्त्व केर्कहॉफ्स याने १८८३ सालीच सांगितले होते.

मग या बंदिस्तपणाचा लाभ कोणाला? आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग व दोषनिदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीकारांना नाकारल्याबद्दलच. प्रकरण पुढे अपिलात गेले. परंतु त्या निर्णयाने दाखविलेले दुखणे खरे होते. कुलूप विकणाऱ्याने दुसरी किल्ली केवळ आपल्याच दुकानात करून घेण्याची सक्ती केली, तर तिला आपण सुरक्षा म्हणू काय?

जुनी मोटार घेणाऱ्या मध्यमवर्गीयाचे हित तर याहून निकडीचे आहे. आधीच्या मालकाचे रिमोट वहीतून खोडले गेले नसेल, तर नव्या मालकाची मोटार परक्याच्या बटणावर उघडेल, आणि त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

म्हणून मागणी माफक आहे. मालकीचा पुरावा दाखविणाऱ्यास नोंदणीची रीत मिळावी. किती रिमोट नोंदलेले आहेत हे त्याला पाहता यावे व नको ती नोंद रद्द करता यावी. आणि स्वतंत्र कारागिरास, केलेल्या कामाची नोंद ठेवण्याच्या अटीवर, वाजवी दरात साधने उपलब्ध व्हावीत. वस्तूचे पूर्ण मोल घेऊन तिची वही मात्र विक्रेत्याने आपल्यापाशी ठेवणे, ही विक्री नव्हे. ते भाड्याने देणे झाले.