मुरगाव ते कॅसलरॉक : वाङ्मयेतिहासातील एक विसरलेला लोहमार्ग

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात गोव्याचा विषय निघाला की एक विधान हमखास येते : पोर्तुगीज सत्तेमुळे गोमंतकाचा मराठी मुलखाशी संबंध तुटला आणि तेथील साहित्य मुख्य प्रवाहापासून अलग पडले. विद्यार्थी हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहितात, आम्ही शिक्षक त्याला गुण देतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. सोळाव्या-सतराव्या शतकांपुरते ते बव्हंशी खरेही आहे. १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन आणि १६८४ चा कोकणीविरोधी हुकूम हे काही कल्पित प्रसंग नव्हेत. पण हेच वाक्य आपण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९६१ पर्यंतच्या काळालाही जसेच्या तसे लावतो, तिथे ते पुराव्यासमोर टिकत नाही. ह्या पुराव्यांपैकी सर्वांत ठोस पुरावा लोखंडाचा आहे. मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून कॅसलरॉकला जाणारी रेल्वे १८८८ साली पूर्ण झाली आणि पोर्तुगीज हद्द ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मराठी व कानडी गावांशी जोडली गेली. ती जोड १९५५ पर्यंत, म्हणजे सदुसष्ट वर्षे, टिकली. वाङ्मयेतिहासकारांनी ह्या सदुसष्ट वर्षांचे काय केले, असा माझा प्रश्न आहे.

आधी मार्गाविषयी थोडेसे. ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत १८७८ साली तह झाला. त्यान्वये दोन्ही मुलखांमधली जकात उठवायची, गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आणायचे आणि मुरगावला बंदर व रेल्वे बांधायची असे ठरले. त्यासाठी लंडनमध्ये वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे ही कंपनी उभी राहिली. भांडवल इंग्रजांचे आणि त्यावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची, अशी ही व्यवस्था होती. मुरगाव, वास्को, मडगाव, सावर्डे, कुळे असे करीत सुमारे ८२ किलोमीटरचा हा मूळचा मीटरगेज मार्ग ब्रागांझा घाट चढतो. घाटात दर ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे आणि दूधसागर धबधब्याच्या अगदी अंगावरून गाडी जाते. वर कॅसलरॉक, पुढे लोंढा. लोंढ्याहून एक वाट धारवाड-हुबळीकडे, दुसरी बेळगाव, मिरज आणि पुण्याकडे. दख्खनचा कापूस मुरगावला उतरावा हा मूळ हिशेब होता. तो फसला, कारण तोच कापूस पुण्यावरून मुंबईला नेणारा मार्गही लवकरच तयार झाला. जकातीचा तह १८९२ मध्ये संपला. रेल्वे मात्र राहिली.

तह संपल्यावर ह्या मार्गावर दोन तपासण्या आल्या. घाटाखाली कुळ्याला पोर्तुगीज कस्टम, घाटावर कॅसलरॉकला ब्रिटिशांचे. एका गाडीत बसलेल्या प्रवाशाचे गाठोडे काही मैलांच्या अंतराने दोनदा उघडले जाई. सरहद्द कशी असते हे ह्या दोन स्थानकांइतके स्पष्ट क्वचितच दिसेल. ती डोंगरात कुठे आखलेली नव्हती. ती टेबलावर, शिक्क्यात आणि गाडीच्या थांबण्यात होती. आणि ह्याच कारणाने ती माणसांना अडवू शकली नाही. शिकायला, चाकरीला, गायला, नाटकात काम करायला गोमंतकीय माणूस बाहेर पडत राहिला आणि परतत राहिला. त्याचे गाठोडे तपासले गेले. त्याची भाषा मात्र त्याच्यासोबत आली-गेली.

आता मराठी साहित्य संमेलनांची यादी काढून ह्या दृष्टीने वाचावी. १९२८ चे संमेलन ग्वाल्हेरला, अध्यक्ष आपल्या विदर्भाचे माधव श्रीहरी अणे. १९२९ चे बेळगावला, अध्यक्ष शिवराम महादेव परांजपे. १९३० चे मडगावला, अध्यक्ष वामन मल्हार जोशी. १९३१ चे हैदराबादला, अध्यक्ष श्रीधर व्यंकटेश केतकर. १९३२ चे कोल्हापूरला, अध्यक्ष सयाजीराव गायकवाड. १९३३ चे नागपूरला, अध्यक्ष कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. सहा वर्षांत शिंद्यांचे संस्थान, ब्रिटिश मुंबई इलाखा, पोर्तुगीज गोवा, निजामाचे राज्य, करवीर संस्थान आणि मध्य प्रांत अशा सहा वेगवेगळ्या राजवटींत मराठी लेखक जमले. त्या काळच्या मराठी साहित्यिकांच्या मनात मराठीचा नकाशा राजकीय नकाशाहून वेगळा होता आणि तो त्यांनी पायांनी सिद्ध केला. त्यातही बेळगाव आणि मडगाव ही दोन गावे लागोपाठच्या वर्षी यावीत, हे लक्षणीय आहे. लोंढ्याला जुळणाऱ्या एकाच लोहमार्गावरची ती दोन स्थानके आहेत. ज्या १९३० साली पोर्तुगालने वसाहतींवरची पकड घट्ट करणारा वसाहत कायदा काढला, त्याच साली मडगावात मराठी साहित्य संमेलन भरले. ‘तुटलेला गोवा’ हे चित्र ह्या एका नोंदीपुढे कसे टिकते?

नाट्य-संगीताच्या क्षेत्रात तर गोमंतक वजा केल्यास मराठीत काय उरेल, हा प्रश्नच विचारवत नाही. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई ही नावे सर्वांना पाठ आहेत. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनचा कलाविभाग पुढे मराठी व्यावसायिक रंगभूमीचा एक आधारस्तंभ झाला आणि १९७० साली ‘नटसम्राट’ ह्याच संस्थेने रंगमंचावर आणले. पण गायक-नटांना आपण ‘मराठी’ म्हणून विनासायास सामावून घेतो आणि लेखक-संशोधकांची वेळ आली की ‘गोमंतकीय’ हे विशेषण लावून त्यांना वेगळ्या प्रकरणात बसवतो. ही विसंगती अभ्यासकाला टोचली पाहिजे.

एकच उदाहरण देतो. एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना अ. का. प्रियोळकरांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ते गोव्यातील प्रियोळचे. शिक्षण धारवाडला, संशोधनाचे क्षेत्र मुंबई, १९५१ च्या कारवार साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांचे. प्रियोळ, धारवाड, मुंबई, कारवार : ह्या एका आयुष्यात किती हद्दी ओलांडल्या गेल्या ते मोजावे. मराठी पाठचिकित्सेचा पाया घालणारा हा पंडित ‘प्रादेशिक साहित्य’ ह्या सदरात बसत नाही, आणि तो जिथून आला ते गावही त्या सदरात बसत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गोव्याचा असा हिशेब मांडताना आपण कोकणीला गिळत तर नाही? मराठी समीक्षेने हा प्रमाद पूर्वी केलेला आहे. म्हणून स्पष्ट म्हणतो की वाहतुकीचा हा इतिहास एकट्या मराठीच्या बाजूने साक्ष देत नाही. आधुनिक कोकणी गद्याचे प्रवर्तक शणै गोंयबाब मुंबईत राहून लिहीत होते. रवींद्र केळेकर १९४९ मध्ये गोवा सोडून काकासाहेब कालेलकरांकडे वर्ध्याला आले. वर्धा म्हणजे नागपूरच्या माणसाचे शेजार. त्याच वर्धा परिसरात, सेवाग्रामला, साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९४७ साली निवर्तले. बाकीबाब बोरकर दोन्ही भाषांत सारख्याच अधिकाराने कविता लिहीत होते. गोव्याबाहेर पडण्याच्या वाटेने मराठी वाढली तशी कोकणीही स्वतःला ओळखू लागली. सरहद्द ओलांडणाऱ्या माणसाला आपली भाषा कोणती हे अधिक निकडीने ठरवावे लागते. त्याने कोणती ठरवली, हा त्याचा अधिकार. इतिहासकाराने नोंद घ्यायची ती त्या ओलांडण्याची.

१९४६ हे साल ह्या मार्गाच्या इतिहासात मध्यवर्ती ठरते. मे महिन्यात बेळगावला साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो ह्या संमेलनात. महिनाभराने, १८ जून रोजी, राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली आणि गोव्याच्या मुक्तिलढ्याला नवे वळण मिळाले. हद्दपार झालेले लोहिया २९ सप्टेंबरला पुन्हा गोव्यात शिरले तेव्हा त्यांना अटक झाली ती कुळ्याच्या रेल्वे स्थानकावर. भाषिक राज्याची मागणी एका टोकाला आणि वसाहतीच्या मुक्तीची मागणी दुसऱ्या टोकाला. आपल्या पुस्तकांत ह्या दोन घटना दोन निरनिराळ्या विषयांत शिकवल्या जातात. घडल्या त्या मात्र एकाच वाटेवर. आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाला त्या नागपूरकर संपादकाच्या आडनावातच सावंतवाडीजवळचे, गोव्याच्या वेशीवरचे माडखोल आहे.

मग हा संबंध तुटला केव्हा? १९५५ साली, आणि तो तोडला आपण. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळीबाराने वीसहून अधिक निःशस्त्र सत्याग्रही मारले गेले. त्याच वर्षी भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि घाटातून जाणारी रेल्वे थांबली. सालाझारची राजवट वाटाघाटींना तयार नव्हती आणि दडपशाहीला सीमा नव्हती. सांगलीहून गेलेले मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि गोवा मुक्त झाल्यानंतरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले, एवढे सांगितले तरी पुरे. नाकेबंदीचा हेतू योग्य होता, असेच माझे मत आहे. परंतु हेतू योग्य असला म्हणून परिणाम अदृश्य होत नाहीत. लिस्बन नमले नाही. लोहखनिजाच्या निर्यातीवर गोव्याच्या अर्थव्यवस्थेने आपला मार्ग काढला. भार पडला तो मुंबईत चाकरी करून घरी येणाऱ्या माणसावर, आप्तांवर, वाचकांवर. १९६१ पूर्वीच्या तुटलेपणाचे जे वर्णन आपण साडेचार शतकांवर पसरवतो, त्यातली रेल्वे तुटलेली वर्षे सहाच आहेत आणि त्यांचा निर्णय दिल्लीत झालेला आहे. हे सांगितल्याने मुक्तिलढ्याचे मोल कमी होत नाही. न सांगितल्याने मात्र वाङ्मयेतिहास खोटा ठरतो.

असे मार्ग तोडणे सोपे आणि जोडणे अवघड असते, ह्याचा दाखला इतरत्रही आहे. राजस्थानातील मुनाबाव आणि सिंधमधील खोखरापार ह्यांमधला मार्ग १९६५ च्या युद्धात बंद पडला, चार दशकांनी २००६ मध्ये उघडला आणि २०१९ मध्ये पुन्हा थांबला. गोव्याचे नशीब त्या मानाने बरे. १९६१ च्या डिसेंबरात सरहद्द नाहीशी झाली आणि हा मार्ग भारतीय रेल्वेत आला.

खरा पेच इथून पुढचा आहे. सरहद्द होती तेव्हा मराठी साहित्यिक मडगावला गेले. सरहद्द गेल्यावर तिथे जायला त्यांना फारसे निमित्त उरले नाही. १९६४ साली कुसुमाग्रजांच्या अध्यक्षतेखाली मडगावला संमेलन झाले. पुढचे पणजीला, १९९४ मध्ये, अध्यक्ष आपले राम शेवाळकर. मधली तीस वर्षे रिकामी. दरम्यान १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला, १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, आणि मराठी समीक्षेने जणू रुसून पाठ फिरवली. राजकीय विलीनीकरण झाले नाही म्हणून वाङ्मयीन नाते उरले नाही, असा हा अजब न्याय. नाते विलीनीकरणावर अवलंबून असते, तर १९३० चे संमेलन झालेच नसते.

रेल्वे ही स्वतःहून काही जोडत नाही, हेही ह्याच मार्गाने दाखवले आहे. घाटातील रूळ दुहेरी करण्याच्या बेताला गोव्यातील जनतेने २०२० साली जोरदार विरोध केला. मुरगावला उतरणारा कोळसा आपल्या जंगलातून आणि गावांतून जाऊ नये, ही त्यांची भूमिका होती. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुहेरीकरणाला दिलेली वन्यजीवविषयक मंजुरी रद्द ठरवली. कापसासाठी बांधलेला मार्ग आज कोळशासाठी हवा आहे. माणसे आणि भाषा ह्या मार्गावर नेहमीच आगंतुक प्रवासी होत्या. त्यांनी जे नाते बांधले ते कुणाच्या योजनेत नव्हते, म्हणून त्याची नोंदही सरकारी कागदांपेक्षा साहित्याच्या अभ्यासकांनीच ठेवायला हवी.

तेव्हा सूचना साधी आहे. ‘गोमंतकीय साहित्य’ हे परिशिष्टासारखे प्रकरण अभ्यासक्रमातून काढून टाकावे आणि त्यातील लेखक त्या त्या कालखंडाच्या मुख्य चर्चेत आणावेत. प्रत्येक लेखकाबद्दल विद्यार्थ्याला चार प्रश्न विचारायला लावावेत : तो जन्मला कुठे, शिकला कुठे, छापला गेला कुठे आणि वाचला गेला कुठे? चारही उत्तरे एका गावाची येणारे लेखक फार थोडे सापडतील. बा. द. सातोस्करांसारख्यांचे गोमंतकविषयक ग्रंथ संदर्भ म्हणून पुढे ठेवावेत. शेजारी एक जुना रेल्वेचा नकाशा टांगावा.

विदर्भातील शिक्षकांनी हे काम प्रथम अंगावर घ्यावे, असे मला वाटते. १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी-मराठी अशा द्विभाषिक प्रांताची राजधानी होती. मुंबई-पुण्याच्या लेखी आपणही पलीकडचेच होतो. वाङ्मयेतिहासात आपल्याला परिशिष्टात टाकले जाते ही तक्रार आपण नेहमी करतो आणि ती खोटी नाही. मात्र तीच वागणूक आपण मडगावला देत असू, तर ती तक्रार करण्याचा आपला अधिकार उणा पडतो.