कासव आपलं, भुर्दंड त्यांचा

माझ्या इन्स्टाग्रामवर सगळ्यात जास्त बघितली गेलेली रील एका कासवाची आहे. अगत्तीच्या लगूनमध्ये स्नॉर्केलिंग करताना ते माझ्या खालून निवांत पोहत गेलं. सतरा सेकंदांचा व्हिडिओ. खाली बदामांचा पाऊस. कुणीतरी लिहिलं, 'शांती म्हणजे हेच'.

रीलमध्ये जे आलं नाही ते सांगतो. कासवाच्या खाली नुसती पांढरी वाळू होती. आणि आम्हाला घेऊन आलेला म्हातारा होडीवाला कासवाकडे ढुंकूनही बघत नव्हता. मी वर आलो आणि उत्साहात म्हटलं, "चाचा, कितना बडा था!" तो मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, की इथे आधी घास होता, घासात मच्छी होती. सगळं यानेच खाल्लं.

मला तेव्हा त्याचा राग आला होता. एवढा देखणा प्राणी आणि हा माणूस त्याच्याबद्दल उंदरा-घुशीबद्दल बोलावं तसं बोलतोय! मनात लगेच शिक्का मारून मोकळा झालो: अडाणीपणा, दुसरं काय. पुण्याला परत आल्यावर सहज म्हणून वाचायला बसलो आणि राग हळूहळू जागा बदलत गेला. आता तो माझ्यावर आहे, आणि तुमच्यावरही. होडीवाल्यावर अजिबात नाही.

त्याचं म्हणणं खरं होतं

आधी भूगोल. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं, त्यातल्या १० वर वस्ती. सगळी जमीन एकत्र केली तरी साधारण ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. शेती म्हणजे नारळ. बाकी सगळं समुद्रातून येतं, नाहीतर कोचीहून बोटीने येतं.

तिथल्या मासेमारीचे ढोबळ मानाने दोन भाग. एक बाहेरच्या खोल समुद्रातला टूना, म्हणजे आपण ज्याला कुपा म्हणतो त्या कुळातला मासा. हा काठी आणि गळाने एकेक करून पकडतात, तो विकायचा मासा. दुसरा भाग लगूनमधला. लगून म्हणजे बेट आणि प्रवाळाची भिंत यांच्यामधलं उथळ, शांत पाणी. इथला मासा मुख्यतः घरी खायचा. ज्याच्याकडे टूनाची बोट नाही, इंजिन नाही, त्याच्या ताटात लगूनमधूनच काहीतरी येतं. शिवाय टूनाला पाण्यात भुलवायला जे बारीक मासे जिवंत आमिष म्हणून लागतात, तेही उथळ पाण्यातूनच पकडले जातात. म्हणजे लगून हे बेटाचं परसदार आहे.

या परसदारात समुद्री गवताची कुरणं होती. हे शेवाळ नव्हे. मुळं, पानं, फुलं असलेली खरीखुरी वनस्पती, पाण्याखाली वाढणारी. माशांची पिल्लं त्यात लपतात, मोठे मासे त्यात चरतात, आणि मुळं तळाची वाळू धरून ठेवतात. हिरवं कासव मोठं झालं की त्याचं मुख्य खाणं हेच गवत.

अगत्तीच्या लगूनमध्ये हिरव्या कासवांची इतकी दाटी झाली, की संशोधकांना तिथे तळ ठोकावा लागला. २०१० साली अपर्णा लाल, रोहन आर्थर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कासवांची संख्या वाढली की कुरणाचा पोतच कसा बदलून जातो, ते त्यात दाखवलं होतं. २०१३ साली आर्थर, नचिकेत केळकर, तेरेसा अल्कोवेरो आणि एम. डी. मधुसूदन यांनी थेट मच्छीमारांची तक्रारच तपासायला घेतली. ती हवेतली निघाली नाही. कासव गवत खातं, कुरण विरळ होतं, माशांचा आसरा जातो, मासे कमी होतात, जाळं हलकं येतं. साखळी लांब आहे, पण तुटलेली नाही. त्यात कासवं जाळी फाडतात ते वेगळंच.

पुढे २०२१ साली मयुरेश गांगल आणि सहकाऱ्यांनी जे मांडलं ते आणखी अस्वस्थ करणारं आहे. एका बेटाचं कुरण संपलं की कासवं दुसऱ्या बेटाकडे सरकतात, तेही संपवतात, पुढे जातात. असं करत करत लक्षद्वीपमधली कुरणं नावापुरती उरली.

होडीवाल्याने मला हेच तीन वाक्यांत सांगितलं होतं. त्याच्याकडे फक्त पीएचडी नव्हती.

वांदर आणि मारुती

'उपद्रवी प्राणी' या शब्दाला आपण शहरातली मुलं फार चटकन नाक मुरडतो. मी कोकणातला. आमच्या घरामागे आंबा आहे, थोडी काजू आहे. वांदरांची टोळी आली की आजोबा थाळी बडवत धावायचे. कोवळे आंबे अर्धे चावून खाली टाकलेले, कौलं फुटलेली. शिव्या अशा, की इथे छापता येणार नाहीत. आणि शनिवारी हेच आजोबा मारुतीला तेल घालायचे. त्यांच्या मनात यात काही विसंगती नव्हती. देव देवळात असतो आणि नुकसान बागेत होतं.

आजोबा वांदरद्वेष्टे होते असं मी कधी म्हणणार नाही. त्यांचं उत्पन्न जात होतं, एवढंच मला दिसतं. मग अगत्तीच्या माणसाला निसर्गद्वेष्टा ठरवायला मला अर्धा मिनिटही का लागलं नाही? कारण आजोबा माझे होते. तो माणूस माझ्या रीलच्या चौकटीबाहेर होता.

आणि फरक बघा. रानडुकराने भात खाल्लं तर महाराष्ट्रात वनखात्याकडे अर्ज करता येतो. पंचनामा होतो, उशिरा का होईना, तुटपुंजी का होईना, रक्कम मिळते. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रातल्या मच्छीमाराने जाळ्यात अडकलेलं कासव किंवा डॉल्फिन जाळं कापून सोडलं, तर जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची सोय आहे. चांगली योजना आहे. पण ती फाटलेल्या जाळ्याची किंमत मोजते. अख्खं लगून रिकामं झालं त्याचा पंचनामा कसा करायचा? त्याला सातबारा नाही, गट नंबर नाही, मालक म्हणून कुणाचं नाव नाही. ज्याचा कागद नाही, त्याचं नुकसान सरकारच्या लेखी झालेलंच नसतं.

कायद्यातही हे स्पष्ट दिसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हिरवं कासव पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याला मारायची परवानगी तो माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरं न होण्याइतका जखमी-आजारी असेल तरच मिळते. मालमत्तेचं, उभ्या पिकाचं नुकसान हे कारण फक्त दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी चालतं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी उपद्रवी म्हणूनही जाहीर करता येत नाही. कासव मारलं तर किमान तीन वर्षं तुरुंग, जास्तीत जास्त सात.

कासवं मारायची परवानगी द्या, असं मी म्हणत नाहीये. माझं म्हणणं इतकंच, की ज्या कायद्याने मच्छीमाराकडून एवढं मागितलं, त्या कायद्यात त्याला द्यायचं काय याची एक ओळही कासवाच्या बाबतीत नाही.

एकच आकडा

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक जुना धडा आहे. एकच आकडा लक्ष्य म्हणून ठरवला, की टीम तो आकडा गाठते आणि बाकी सगळी सिस्टीम मोडते. सपोर्टची तिकिटं किती बंद केली हे मोजायला लागलात, की तिकिटं पटापट बंद होतात. ग्राहकाचा प्रश्न तिथेच असतो.

संवर्धनात आपण तेच केलं. कासवं किती, हा आकडा मोजला. तो वाढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएनने हिरव्या कासवाला जागतिक पातळीवर 'संकटग्रस्त' मधून काढून 'चिंतेचं कारण कमी' या गटात टाकलं. ही खरोखर आनंदाची बातमी आहे. कित्येक दशकं किनाऱ्यांवर रात्री जागवलेल्या लोकांचं ते यश आहे. पण त्याच आकड्याच्या शेजारी गवत किती, मासे किती, बेटावरच्या ताटात काय, हे रकाने आपण ठेवलेच नाहीत.

कासवं वाढली यामागे शिकार थांबणं हे एक कारण. पूर्वी लक्षद्वीपमध्ये कासवाचं तेल लाकडी होड्यांना लावायला वापरत. दुसरीकडे, मोठं कासव खाऊ शकणारे समुद्रातले मोठे शार्क जगभर कमी झाले. त्यांच्या परांना परदेशात भाव होता. भारताने पर-निर्यातीवर बंदी घातली ती २०१५ साली. कासवाला वाचवलं आणि कासवाला धाकात ठेवणारा मात्र जाऊ दिला. इंडोनेशियातल्या देरावान बेटांजवळ कासवांनी गवत मुळासकट उकरून खाल्ल्याचं नोंदवलं गेलंय. बर्म्युडातही कुरणं अशीच संपली. म्हणजे हे फक्त अगत्तीचं दुखणं नाही.

'मग काय, कासवं मारायची का?'

हा प्रश्न येणारच. माझं उत्तर: नाही. आणि भावनेपोटी नाही, हिशेबाने नाही. कासवं एका लगूनची रहिवासी नसतात, गवत संपलं की ती निघून जातात. अगत्तीत शंभर मारली म्हणून अगत्तीचं गवत परत येत नाही. हिरव्या कासवाची मादी वयात यायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. एकदा मारायला सुरुवात केली तर चूक सुधारायला आपलं आयुष्य पुरणार नाही.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. मासे फक्त कासवांमुळे कमी झाले का? नाही. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापला आणि लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणात मेले. प्रवाळ मेले की मासे जातात. होडीवाल्याचं 'सगळं यानेच खाल्लं' हे पूर्ण सत्य नाही, हे मला मान्य आहे.

पण ही हरकत घेणाऱ्याने पुढचं वाक्यही बोलावं. समुद्र तापवला कुणी? बिनइंजिनाची होडी वल्हवणाऱ्याने नक्कीच नाही. तो तापला आपल्या विमानांनी, आपल्या एसींनी, माझ्या सर्व्हरांनीसुद्धा. म्हणजे प्रवाळ गेले तेही आपल्यामुळे आणि कासवाचं प्रेमही आपलं. दोन्हींचं बिल मात्र एकाच पत्त्यावर जातं.

आणि तो पत्ता कायम नियमांच्या टोकावर असतो. २०२१ साली नियमांकडे बोट दाखवून लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरची मच्छीमारांची शेडं पाडली गेली. जाळी ठेवायची, होड्या ओढायची शेडं. सरकार बेटावर येतं ते असं. अशा माणसाला 'कासव वाचवा' हे पोस्टर कसं दिसत असेल, विचार करा. लक्षद्वीपमध्ये कासवं चोरून मारली जातात, हे संशोधकांनीही नोंदवलंय. तुरुंगाची भीती असूनही माणूस हे करतो, तेव्हा ते नुसतं क्रौर्य नसतं. ती न घेतलेल्या अर्जाची पावती असते.

वेळासचा धडा, अर्धाच

इथे कुणीतरी वेळासचं उदाहरण देणार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडलेची घरटी जपली, कासव महोत्सव सुरू झाला, घराघरात पर्यटक राहू लागले. मीही तिथे पहाटे थंडीत उभा राहून पिल्लं समुद्रात जाताना बघितलीत, आणि डोळ्यांत पाणी आलेलं लपवलंय.

पण वेळासचं कासव पाहुणं आहे. अंडी घालतं आणि जातं. गावाच्या ताटातलं काही खात नाही. अगत्तीचं कासव पंगतीत बसलेलं आहे. त्यामुळे वेळासचा सोपा अर्धा भाग, 'पर्यटन आणा, सगळे खूश', तिथे तसाच चालत नाही. पर्यटनाचा पैसा होमस्टेवाल्याला आणि स्नॉर्केलिंगवाल्याला मिळतो. जाळं हलकं येतं ते दुसऱ्याचंच.

वेळासचा अवघड अर्धा भाग मात्र उचलण्यासारखा आहे. तिथे गावाला बरोबर घेतलं. घरट्यांची राखण गावातल्या माणसांनी केली, आणि कासव असण्याचा फायदा गावात राहिला.

अगत्तीत याचा अर्थ असा. कासव मोजताना गवत आणि मासेही मोजा, आणि मोजणाऱ्यांत मच्छीमार पगारावर घ्या. उरलेल्या गवताच्या तुकड्यांना जाळीचं कुंपण घालून ते वाचतंय का बघा, बर्म्युडात असे पिंजरे घालून बघितलेत. भरपाई फाटलेल्या जाळ्यापुरती ठेवू नका. लगूनवर पोट असलेल्या घरांना थेट द्या. आणि तो पैसा पर्यटकांच्या खिशातून काढा. कासव बघायला जाणाऱ्याने कासवाच्या जेवणाचे पैसे भरावेत, यात अन्याय काय आहे?

मी माझी रील अजून डिलीट केलेली नाही. कॅप्शन बदललंय. आता तिथे लिहिलंय: 'याच्याखाली आधी गवत होतं. गवतात मासे होते.' बघणारे कमी झाले. एका मित्राने विचारलं, एवढ्या सुंदर व्हिडिओचा मूड का घालवलास?

मूड गेला खरा. त्या होडीवाल्याचं काय काय गेलं, ते मोजायला अजून कुणी गेलेलं नाही.