जुन्या खेळांचे यंत्र: आधी घरातले कपाट उघडावे

नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत जे ‘टीव्ही गेम’ आले, ते बहुतांशी जपानच्या निन्तेन्दो कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. खेळ सुरू होईना म्हणून कॅसेटच्या पट्टीवर फुंकर घालणारी तेव्हाची मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत. मारिओ आणि कॉन्ट्रा आपल्या मुलांना दाखवावेत, असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटते. बाजाराने ही इच्छा केव्हाच ओळखली आहे. ‘एका यंत्रात दहा हजार खेळ’ अशा जाहिराती त्यातूनच आल्या. मात्र दहा हजार खेळ कोणी खेळत नाही. खेळले जातात ते आठ-दहाच, आणि ते कोणत्या जुन्या यंत्रावरचे आहेत यावर खर्चाचा आकडा ठरतो.

जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेणाऱ्या आज्ञावलीला एम्युलेटर म्हणतात. फॅमिकॉमच्या प्रोसेसरचा वेग जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झ आणि कामाची स्मृती २ किलोबाइट होती. तरीही सोंग फुकट वठत नाही. मूळ प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा नव्या प्रोसेसरच्या भाषेत उलगडावी लागते आणि चित्र व आवाज यांच्या स्वतंत्र चिपांशी तिचा ताल क्षणोक्षणी जुळवावा लागतो. म्हणून यंत्र किती जुने यापेक्षा त्याची आतली रचना किती गुंतागुंतीची, हे पाहावे. सोनीचे प्लेस्टेशन आणि सेगाचे सॅटर्न ही दोन्ही यंत्रे जपानमध्ये १९९४ सालीच आली. पहिल्याचे खेळ आज अगदी साध्या यंत्रावरही चालतात. दुसऱ्यात दोन मुख्य प्रोसेसर जोडीने काम करीत, त्यामुळे त्याचे सोंग बरेच महाग पडते. १९९६ चे निन्तेन्दो ६४ हेही असेच हट्टी. आणि २००० सालचे प्लेस्टेशन २ हवे असेल, तर ‘स्वस्त’ हा शब्द जपून वापरावा.

फॅमिकॉमपासून प्लेस्टेशनपर्यंतचे खेळ पुरेसे असतील, तर दुकानाऐवजी आधी घरातले कपाट उघडावे. पडून असलेला अँड्रॉइड फोन, रेट्रोआर्क ही विनामूल्य आज्ञावली आणि ब्लूटूथवर चालणारा एक कंट्रोलर एवढ्यावर काम भागते. अडचण टीव्हीची. बहुतेक स्वस्त फोनांतून केबलने टीव्हीवर चित्र देता येत नाही आणि बिनतारी पाठवले तर ते उशिरा पोहोचते. टीव्हीवर खेळायचे असल्यास जुना लॅपटॉप अधिक कामाचा. बाटोसेरा ही लिनक्सवर आधारित प्रणाली पेनड्राइव्हवर टाकून संगणक त्यावरूनच सुरू करता येतो. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही.

हौशी लोकांत रास्पबेरी पायचे नाव सर्वांत मोठे आहे. २०१२ साली आलेला हा पत्त्याच्या कॅटएवढा संगणक वीज कमी खातो आणि टीव्हीमागे सहज लपतो. २०१६ चे तिसरे मॉडेल प्लेस्टेशनपर्यंतच्या खेळांना पुरते. पण जाहिरातीतील किंमत बहुधा नुसत्या पाटीची असते. मेमरी कार्ड, पेटी, वीजपुरवठा, चौथ्या मॉडेलला लागणारी मायक्रो एचडीएमआय केबल आणि कंट्रोलर हे सारे मिळून खर्च पाटीच्या किमतीच्या बराच पुढे जातो. त्यात वीजपुरवठ्यावर काटकसर करू नये. चौथ्या मॉडेलला ५.१ व्होल्ट व ३ अँपिअर लागतात. मोबाइलचा जुना चार्जर जोडला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह चमकते, खेळ अडखळतो आणि दोष बिचाऱ्या एम्युलेटरला दिला जातो.

एवढ्या बेरजेत अनेकदा कार्यालयातून निघालेला छोटा डेस्कटॉप मिळून जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत चौकशी करण्याजोगी हीच वस्तू आहे. ती पायपेक्षा जास्त जागा घेते आणि जास्त वीजही खाते; तरी तिच्या बाजूने एक भक्कम कारण आहे, आणि त्याचा संबंध खेळ कुठून आणायचे याच्याशी आहे.

एम्युलेटर स्वतः बेकायदा नव्हे. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अपील न्यायालयाने एम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूने कौल दिला. खेळांची गोष्ट निराळी. बहुतेक जुन्या खेळांचे हक्क आजही कोणाचे तरी आहेत. टीव्हीला खोचायच्या स्वस्त कांडीत भरून आलेल्या हजारो खेळांपैकी कितींना मालकाची परवानगी आहे, हे तिच्या किमतीवरूनच कळते. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, ही व्याख्या लावायला येथे मुळीच ताणावी लागत नाही. सरळ मार्गही आहेत. कोनामी कंपनीने २०१९ मध्ये कॉन्ट्राचे जुने खेळ एकत्र करून ‘कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ विक्रीस काढले. ते विंडोज संगणकावर चालते, पायवर नाही. दाइसुके आमाया यांनी पाच वर्षे एकट्याने घडवलेला ‘केव्ह स्टोरी’ २००४ साली विनामूल्य दिला गेला आणि रेट्रोआर्कवरही तो खेळता येतो.

यंत्र आल्यावर ‘मारिओ उशिरा उडी मारतो’ अशी तक्रार हमखास येते. जुने खेळ सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवतात. नवा टीव्ही प्रत्येक चित्र सुबक करण्यात वेळ घालवतो आणि तोवर मारिओ खड्ड्यात पडलेला असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असल्यास तो चालू करावा, त्याला पैसे पडत नाहीत. शिल्लक रक्कम वेगवान प्रोसेसरऐवजी कंट्रोलरवर घालावी, शक्यतो केबलच्या, आणि दोन घ्याव्यात. कॉन्ट्रा मुळात दोघांनी मिळून खेळायचा खेळ आहे.