दोन अधिक दोन म्हणजे चार नव्हे!

घरात गाडी घ्यायची ठरली की सगळ्यात जास्त बोलतो तो चालवणारा. टॉर्क त्यालाच कळतो, यूट्यूबवरचे चाळीस रिव्ह्यू त्यानेच बघितलेले असतात, आणि टेस्ट ड्राइव्हला स्टिअरिंगमागेही तोच बसतो. मागे जे बसणार असतात, म्हणजे बायको, पोर, आई-बाबा, त्यांच्या वाट्याला एकच प्रश्न येतो, "लाल घेऊ की पांढरी?"

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटापर्यंत थांबायला नको. ज्या घरात तान्हं मूल आहे किंवा गुडघे दुखणारी आई आहे, त्या घराची एकुलती एक गाडी म्हणून स्पोर्टी कुपे घेणं म्हणजे स्वतःच्या शौकाचे हप्ते दुसऱ्याच्या गुडघ्यांनी फेडणं.

निमित्त झालं हापिसातल्या चहाचं. टीममधला एक मित्र, घरी दहा महिन्यांची मुलगी, आई सोबत राहते. नवीन कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या पैशात एक जुनी, दोन दारांची कुपे मिळतेय म्हणून पठ्ठ्या हवेत होता. "एकदाच जगायचंय रे, ईएमआय भरून पांढरा डबाच घ्यायचा का?" अर्ध्या टीमने टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. का नाही, ते तिथे चहाच्या कपाएवढ्या वेळात सांगता आलं नाही, म्हणून इथे.

आता लगेच "तुला गाड्यांतलं काय कळतं" म्हणू नका. कुपे मलाही आवडते. तो मागे उतरत जाणारा छपराचा बाक, ते लांब दार, ती जमिनीलगतची बैठक... सिग्नलला शेजारी येऊन उभी राहिली की मीही मान वळवतोच. प्रश्न कुपे चांगली की वाईट हा नाहीच. प्रश्न आहे, तिची किंमत कोण मोजतं?

उत्तर नावातच आहे. कुपे हा शब्द फ्रेंच, अर्थ 'कापलेली'. घोडागाड्यांच्या काळात चारचौघांच्या बग्गीतली एक बैठक कापून छोटी बग्गी करत, तिला हे नाव मिळालं. म्हणजे जन्मापासूनच कुपे म्हणजे कोणाची तरी सीट उडवलेली गाडी! इंजिनियर लोकांसाठी आणखी गंमत सांगतो. एसएई या संस्थेचं जे-११०० नावाचं मानक आहे. त्यात कुपे आणि सेडान यांतला फरक दारांवरून ठरवत नाहीत, मागच्या भागाच्या घनफळावरून ठरवतात. ३३ घनफुटांपेक्षा कमी भरलं की कुपे. ३३ घनफूट म्हणजे साधारण ९३४ लिटर. आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा, त्याहून कमी. तेवढ्यात दोन माणसं, त्यांचे पाय आणि डोकी.

बऱ्याच कुपेंना २+२ म्हणतात. हे '+२' मला फार आवडतं, कारण असली बेरीज फक्त मार्केटिंगवाल्यांनाच जमते. आपण शाळेत शिकलो त्याचं उत्तर चार येतं. इथे उत्तर येतं दोन माणसं, एक लॅपटॉपची बॅग आणि एक पिशवी. त्यापेक्षा नव्वदच्या दशकाअखेरीस गोव्यात बनायला लागलेली सॅन स्टॉर्म परवडली. फायबरग्लासची बॉडी, सीटा दोन, विषय संपला. तिने 'आई मागे बसेल की' असं खोटं आश्वासन तरी कोणाला दिलं नाही.

आता त्या '+२' मध्ये खरी माणसं बसवून बघू.

पहिली, दहा महिन्यांची मुलगी. तिची चाइल्ड सीट उलट्या तोंडाची हवी. युरोपच्या आर-१२९ नियमात मूल किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत तसंच बसवायचं असतं, कारण धडकेत तान्ह्या बाळाच्या मानेला त्याच्या डोक्याचं वजन झेपत नाही. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९४-ब हे कलम आलं: १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. उलटी सीट लांबीला जागा खाते. म्हणजे तिच्या पुढची सीट पुढे सरकवावी लागते, आणि जिथे मुळातच जागा कापलेली आहे तिथे पुढच्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. शिवाय दारं दोनच. म्हणजे दर वेळी पुढची सीट पाडायची, कमरेत वाकायचं आणि पोर आत सरकवायचं. पावसात. रिक्षावाला मागून हॉर्न मारत असताना.

दुसरी, मुलीची आई. बाळ आलं की बहुतेक घरांत बाई पुढच्या सीटवरून मागे जाते, कोणी न सांगता. मागे बाळ रडतं, दूध काढतं, झोपतं, आणि ते सांभाळायला कोणीतरी शेजारी लागतं. म्हणजे मित्राच्या स्वप्नातल्या गाडीत त्याची बायको निदान दोन वर्षं त्या पाडलेल्या सीटमागच्या फटीतून आतबाहेर करणार. सिझेरियन झालेल्या बाईला हे करून दाखवायला सांगा, आणि मग म्हणा 'एकदाच जगायचंय'. तीही एकदाच जगणार आहे ना राव!

तिसरी, मित्राची आई. गुडघेदुखीवाल्या माणसाला खुर्चीच्या उंचीवरून उठणं जमतं, पाटावरून नाही. कुपे म्हणजे पाट. वर पाटापर्यंत पोचायला आधी खिडकीतून शिरल्यासारखं शिरायचं.

आणि हे सगळं दार पूर्ण उघडलं तर! दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, त्याला उघडायला बाजूला जागा लागते. फोर्ड मस्टँगचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये ती भारतात आली, किंमत होती ६५ लाखांच्या घरात. रुंदी साधारण १.९ मीटर. सोसायटीतला पार्किंगचा चौकोन अडीच मीटर रुंद धरला आणि गाडी अगदी मधोमध लावली, तर प्रत्येक बाजूला उरतात ३० सेंटिमीटर. शाळेतली पट्टी! त्या पट्टीएवढ्या फटीतून आजी आणि नात उतरवून दाखवा.

याच मस्टँगला युरो एनकॅपने २०१७ च्या सुरुवातीला पाचपैकी दोन तारे दिले होते. एक कारण मागची सीट. तिच्या पट्ट्यांना प्रीटेन्शनर नव्हते, लोड लिमिटर नव्हते. म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा आवळून धरायचं आणि छातीवरचा ताण आवरायचं काम करणारे भाग मागे दिलेच नव्हते. इंजिन पाच लिटरचं, व्ही-८, त्यात काही कमी नाही. कंपनीने काही सुधारणा केल्यावर त्याच वर्षी तीन तारे मिळाले. पण पैसा आधी कुठे खर्च झाला आणि कुठे वाचवला गेला, ते लक्षात घ्या.

मागच्या सीटला कमी लेखायची सवय फक्त कंपन्यांना आहे असंही नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. ती गाडी कुपे नव्हती, चांगली दणकट एसयूव्ही होती. पण 'मागे काय होतंय' हा समज आपल्या हाडीमासी आहे, आणि कुपे विकत घेणं हा त्याच समजाचा सगळ्यात महागडा अवतार आहे.

आता विरुद्ध पक्षाचा सगळ्यात दमदार मुद्दा, तोही टाळत नाही. मित्र म्हणतो, "अरे, मागची सीट वर्षातले तीनशे दिवस रिकामी असते. रोज मी एकटा हिंजवडीला जातो. रिकाम्या सीटसाठी मी माझा आनंद का मारू?"

मुद्दा खरा आहे. पण तुम्ही-आम्ही धंद्याने काय करतो? सर्व्हर सरासरी लोड बघून घेतो का? तीनशे दिवस निवांत चालणारी सिस्टीम ज्या दिवशी पडते, त्याच दिवसाचा जाब क्लायंट विचारतो. गाडीत तो दिवस म्हणजे रात्री दोन वाजता मुलीला ताप चढलाय तो, आईला हॉस्पिटलला न्यायचंय तो. अशा दिवशी टॅक्सीच्या अॅपवर 'शोधत आहे'चं चक्र फिरत असताना घरात जी गाडी उभी आहे, तीच उपयोगी पडायला हवी.

याचा अर्थ सात सीटांचा रणगाडाच घ्या असा अजिबात नाही, आणि इथे काका-मामा मंडळींशीही माझं भांडण आहे. "गणपतीला गावी जायचं तर सगळे मावले पाहिजेत" म्हणून वर्षातल्या चार दिवसांसाठी बाकीचे दिवस पुण्याच्या गल्ल्यांत अर्टिगा नाहीतर इनोव्हा फिरवणं हाही वेडेपणाच. ते चार दिवस आधीपासून माहीत असतात, गाडी भाड्याने मिळते. माझा नियम साधा आहे: ठरलेली गर्दी भाड्याने भागवा, न सांगता येणारी अडचण घरच्या गाडीने. आणि त्यासाठी चार दारं, खुर्चीच्या उंचीची मागची सीट आणि चाइल्ड सीट घट्ट बसवायला आयसोफिक्स, एवढं पुरतं. अशी गाडी चालवायला रटाळच असते हा गैरसमज आहे. तशाही मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर घाट सोडून वेगमर्यादा १०० आहे. २५० पर्यंत जाणाऱ्या गाडीचे उरलेले दीडशे कुठे वापरणार, वाकडला?

बरं, आता कुपे नुसती श्रीमंतांपुरती राहिलेली नाही. २०२४ मध्ये टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट आल्या, आणि उतरत्या छपराची एसयूव्ही आपल्या बजेटजवळ येऊन उभी राहिली. आकारच पापी असं मी म्हणणार नाही. बसाल्टच्या वरच्या व्हेरियंटला मागच्या सीटचा मांडीखालचा आधार कमीजास्त करता येतो, म्हणजे कोणीतरी मागच्या माणसाचा विचार केलाय. पण तो विचार झालाय की नाही, हे ब्रोशर बघून कळत नाही. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे प्रत्येक रिव्ह्यू सांगतो. मागचं दार किती उघडतं, सीट जमिनीपासून किती वर आहे, खिडकीतून लहान मुलाला बाहेरचं दिसतं का, हे फार थोडे मोजतात. आणि जे मोजलं जात नाही ते सुधारत नाही, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून एकच करा. पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात की चालवायची सीट स्वतःला हवी तशी लावा, मग उतरून बरोबर तिच्यामागे जाऊन बसा. सेल्समनला म्हणा, आता तू चालव, अर्धा तास, स्पीडब्रेकरवरून, रिंग रोडवरून. आईला घेऊन गेलात तर उत्तमच, तिला काही विचारू नका, फक्त ती उतरताना कशाला धरते ते बघा.

आणि जे एकटे आहेत, किंवा घरात दुसरी गाडी आहे, त्यांनी खुशाल कुपे घ्यावी. मनापासून सांगतो. मला एक चक्कर द्या, मी पुढेच बसेन. :)

मित्राला हे सगळं वाचायला पाठवलंय. बघू काय म्हणतो ते. तूर्तास इतकंच.