मायेचा घास आणि सिलिअॅक

आमच्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. उंचीने तिसरीतली वाटायची. पोट फुगलेले, चेहरा फिका, दर महिन्याला चार-पाच दिवस गैरहजर. वर्षभर लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढेना. दादी म्हणायची, नजर लागली. अंगात ताकद यावी म्हणून ती रोज मायेने जवाची तलबीना पाजायची. अखेर निदान झाले, सिलिअॅक. दुखणे वाढवत होती ती चपाती आणि तीच तलबीना!

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला चिकटपणा येतो तो त्यामुळेच. काहींच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतली बारीक लव झडते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. हा रोग संसर्गाने होत नाही. त्याचा कल जन्मतःच असतो, म्हणून घरात एकाला निघाला तर आईवडील व भावंडांनीही तपासून घ्यावे. मोठ्या वयातही तो होतो. कधी जुलाब नसतात, फक्त रक्त कमी आणि हाडे कमजोर.

गव्हाचा हा संबंध नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवला. 1944-45 च्या हिवाळ्यात, युद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुले सुधारली. पाव परत आला आणि दुखणेही परतले. डिके यांचा आधीपासूनचा संशय पक्का झाला. 1950 मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला.

निदानासाठी आधी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी होते. नंतर बहुधा दुर्बिणीने आतड्याचा कण घेऊन पाहतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा. तपासणीआधी मनानेच गहू बंद करू नका, नाहीतर रोग असूनही तपासणीत दिसत नाही.

यावर गोळी नाही. जन्मभराचे पथ्य हाच इलाज. मैदा, रवा, गव्हाच्या शेवया, हलीम, खिचडा, समोसा बंद. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, डाळी, गोश्त, अंडी, खजूर खुशाल खावे. मात्र गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेली ज्वारी चालत नाही. पोळपाट, चाळणीही वेगळी हवी. ईदला शिरखुर्मा तांदळाच्या शेवयांचा करता येतो.

तलबीनाविषयी आमच्या मनात आदरच आहे, पण प्रत्येक दवा प्रत्येकासाठी नसते. "एका घासाने काय होतंय?" असा आग्रह दावतीत सर्रास होतो. त्या एका घासानेही आतडे पुन्हा दुखावते.

ती मुलगी आता आठवीत आहे. उंची वाढली, हजेरीही. दादी घरच्या जात्यावर ज्वारी दळते आणि पाहुण्यांना आधीच बजावते, "हिला आग्रह करू नका." मायेची ही रीतही आपण शिकायला हवी.