खडकचढ्या गाडीचीं चाकें : रुंदी घ्यावी कीं वजन?

रेडिओच्या साहाय्यानें दुरून चालवावयाच्या खेळण्यांतील गाड्यांत ‘क्रॉलर’ नांवाचा एक प्रकार आहे. इतर गाड्यांना अभिमान वेगाचा, हिला धिमेपणाचा. दगडांच्या राशीवरून एकेक चाक चाचपून ठेवीत, न उलटतां वर जावयाचें, एवढेंच हिचें काम. मूळ मोटारीच्या एकदशांश आकाराची ही गाडी घरांत आली, म्हणजे दोनचार वेळां ती कुशीवर कलंडते आणि लागलींच ‘जड पितळी चाकें पाहिजेत’ असा मुलांचा हट्ट सुरू होतो. हीं चाकें स्वस्त नसतात. तेव्हां पैसे मोजण्यापूर्वीं त्यामागील शास्त्र आईबापांनीं व मुलांनीं एकत्र बसून पाहावें, हें बरें.

प्रथम ‘ऑफसेट’ म्हणजे काय तें समजून घेऊं. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेषा कल्पावी. चाक ज्या सपाट पृष्ठानें आंसाच्या टोकाशीं, या आकाराच्या गाड्यांत बहुधा १२ मिलिमीटरच्या षट्कोनी तुकड्यावर, बसतें, तें पृष्ठ या मध्यरेषेपासून जितकें दूर, तितका ऑफसेट. पृष्ठ मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगास असेल तर चाक गाडीखालीं सरकतें; आंतल्या अंगास असेल तर तें बाहेर येतें. मोठ्या मोटारींच्या व्यवहारांत पहिल्यास धन व दुसऱ्यास ऋण म्हणतात. परंतु खेळण्यांच्या बाजारांत, विशेषतः ‘ड्रिफ्ट’ गाड्यांच्या चाकांवर, मोठा अंक म्हणजे अधिक बाहेर येणारें चाक, असा नेमका उलटा अर्थ आढळतो. म्हणून छापील अंकावर विसंबूं नये. चाकाच्या मागच्या कडेपासून बसण्याच्या पृष्ठापर्यंतचें अंतर मोजपट्टीनें पाहावें. सारख्या रुंदीच्या दोन चाकांत तें ज्याचें कमी, तें चाक अधिक बाहेर येणार.

आतां गाडी कुशीवर केव्हां उलटते? गुरुत्वमध्यांतून सोडलेला ओळंबा खालच्या अंगच्या चाकांच्या पलीकडे गेला कीं. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराच्या निमपटीस गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागलें, म्हणजे उलटण्याच्या कोनाची स्पर्शज्या मिळते. उदाहरणादाखल २५०० ग्रॅम वजनाची एक गाडी घेऊं. चाकांमधील अंतर २०० मिलिमीटर व गुरुत्वमध्याची उंची ९० मिलिमीटर धरली, तर ती ४८ अंशांवर कलंडेल. तिच्यावर तीन उपाय स्वतंत्रपणें करून पाहूं.

पहिला उपाय रुंदीचा. प्रत्येक चाक ६ मिलिमीटर बाहेर घेतलें तर कोन सुमारें ४९.७ अंश होतो. दुसरा वजनाचा. प्रत्येक चाकांत १०० ग्रॅम पितळ घातलें आणि चाकाचा मध्य जमिनीपासून ५५ मिलिमीटर उंच असला, तर गुरुत्वमध्य ८५ मिलिमीटरांवर उतरतो व कोन ४९.६ अंश होतो. तिसरा उपाय फुकटचा. छपरावर १८० मिलिमीटर उंचीवर मांडलेलें शोभेचें सामान, जादा चाक, खोटे पेटारे वगैरे १०० ग्रॅम ओझें नुसतें उतरविलें, तरी कोन ४९.२ अंशांवर जातो! प्रत्यक्षांत स्प्रिंगा दबतात, टायर चेपतात, म्हणून हे सर्वच कोन कमी भरतील. पण तुलना बदलत नाहीं. डोक्यावरचें १०० ग्रॅम ओझें काढणें हें पायांत ४०० ग्रॅम पितळ बांधण्याच्या जवळजवळ तोडीचें आहे.

शिवाय रुंदी काय कीं वजन काय, दोहोंची किंमत यंत्रास द्यावी लागते. चाक बाहेर गेलें कीं तें वळण्याच्या खुंटीपासून दूर जातें. मग दगडांत अडकलेलें चाक वळवितांना सर्व्हो मोटारीवर अधिक जोर पडतो, टायर मोठी फेरी घेऊन मडगार्डास घासतो आणि आंसाच्या बेअरिंगांवर तरफेचा ताण वाढतो. वजनाचा एक मोठा गुण असा, कीं चाकांतलें वजन स्प्रिंगांच्या खालीं असल्यानें त्या दबत नाहींत व गाडीचें अंग झुकत नाहीं. परंतु तें वजन फिरतेंही. चाक हवेंत भरभर फिरून अकस्मात् दगडास टेकलें, म्हणजे त्या जडपणाचा सगळा हिसका आंसाच्या दांड्यांना व दांत्यांना बसतो. मोटार तापते, बॅटरी लवकर उतरते. २०१७ साली निघालेल्या ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ सारख्या गाड्यांत चाकाजवळच वेग उतरविणारीं दांतेरी चक्रें असल्यानें दांड्यांवरील ताण कमी असतो; साध्या आंसाच्या गाडीस मात्र जपूनच वजन चढवावें.

वजन घालावयाचेंच तर कोठें? चढावर भार मागें सरकतो व पुढचीं चाकें उचलूं लागतात, म्हणून तें पुढें घालावें. पुढच्या व मागच्या आंसांत ३१० मिलिमीटर अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची ९० मिलिमीटर असेल, तर निम्मा भार पुढें असतां गाडी सुमारें ६० अंशांच्या चढावर मागें पालथी होईल. शेंकडा साठ भार पुढें असेल तर ६४ अंशांवर. पण हा लाभ निखालस नव्हे. तीच गाडी उतरतांना ६० ऐवजीं ५४ अंशांवरच नाकावर कोलमडेल. चारही चाकें सारखीं जड करण्यानें मात्र चढावरचें हें प्रमाण फारसें सुधारत नाहीं.

तेव्हां क्रम असा ठेवावा. आधीं छपर हलकें करावें. मग स्वयंपाकघरांतील वजनकांट्यावर पुढचीं चाकें ठेवून, मागचीं तितक्याच उंचीच्या पुस्तकांवर टेकवून, पुढचा भार तोलावा, तसाच मागचा. नंतर एका फळीवर गाडी आडवी ठेवून, ती घसरूं नये म्हणून खालच्या चाकांशीं पट्टी ठोकून, फळी हळूहळू उचलावी व वरचीं चाकें सुटतात तो कोन मुलांनीं कोनमापकानें टिपावा. प्रत्येक फेरफारानंतर हाच प्रयोग पुन्हां करावा. त्यानंतर कुशीवर कलंडण्याचीच तक्रार राहिली तर थोडी रुंदी, आणि चढावर पुढा उचलण्याची राहिली तर केवळ पुढच्या दोन चाकांत थोडें पितळ.

एवढ्यावर कित्येक घरीं नवीं चाकें घेण्याची गरजच उरणार नाहीं. उरलीच, तर तीं कशासाठीं घेतलीं हें मुलास नेमकें सांगतां येईल. आणि विकत घेण्यापूर्वीं मोजून पाहण्याची ही संवय खेळणें मोडल्यावरही त्याच्यापाशीं राहील.